छतातून निघून गेलेलं झिंक ऑक्साइड

संध्याकाळपर्यंत झिंक ऑक्साइड कार्बनला चिकटलं नाही, तर सर माझा संशोधनाचा विषय शेजारच्या टेबलावरच्या शहाण्याला देणार होते. तो आत्तापासूनच माझ्या खुर्चीकडे प्रेमाने बघत होता.

आमची प्रयोगशाळा म्हणजे नुसता कॉम्प्युटर. त्यात एक काल्पनिक खोका आणि खोक्यात एका अणूच्या जाडीचा कार्बनचा पापुद्रा. हा पापुद्रा भलताच माणूसघाणा, कुणाला जवळ करत नाही. म्हणून त्याच्या वरच्या बाजूवर मी ऑक्सिजन बसवला होता आणि झिंक ऑक्साइडचा पुंजका वरून अलगद सोडला होता. पुंजका खाली आला, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं आणि तो छताकडे चालता झाला. मला रडूच यायचं बाकी होतं. गणित तसंच चालू ठेवून मी जेवायला घरी गेले.

घरी निराळाच तमाशा. आईने आत्यासाठी पुढची खोली लख्ख केली होती, नवे अभ्रे, फुलदाणी वगैरे. आत्या आली आणि आईने "वन्सं, चपला बाहेर" म्हणताच तणतणत परत गेली. आई डोक्याला हात लावून बसली. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आत्या मागच्या दाराने शिरून स्टुलावर ठाण मांडून बसलेली.

"त्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही," ती म्हणाली. "पण भूक लागलीये."

मी उपाशीच प्रयोगशाळेकडे पळत सुटले. आमच्या खोक्याचा नियमच असा, की छतातून गेलेला अणू जमिनीतून पुन्हा आत येतो.

आणि खरंच, पुंजका पापुद्र्याला खालून घट्ट बिलगला होता, जिथे मी काहीच सजवलं नव्हतं. सर चष्मा पुसत म्हणाले, मग वरचा ऑक्सिजन काढून टाक, उगाच कशाला? मी काढून पाहिला. पुंजका खालूनही निघून गेला. वरती ऑक्सिजन बसल्यामुळेच शेजारचे कार्बन बेचैन होऊन खालून कुणाचा तरी हात धरायला टपलेले असतात. सर खूश झाले, विषय माझ्याकडेच राहिला.

घरी आईने जाहीर केलं, पुढच्या वेळी खोली आवरणारच नाही.

मी हात जोडले. "आवर गं बाई. रुसायला आवरलेली खोली नसेल, तर आत्या मागच्या दारानेही येणार नाही."