पलंगाखाली मावणारे टेबल

त्या दिवशी दुपारी दापोडीच्या आमच्या खोलीत फोन वाजला. साहेबराव जमिनीवर बसले होते. त्यांनी एक हात माझ्यावर टेकवला, ऐकून घेतले आणि "बरं" एवढेच म्हणाले. फोन ठेवल्यावरही तो हात उचलला गेला नाही. तेव्हा मला कळले, की त्यांची बायको कस्तुरा आता दवाखान्यातून घरी येणार नाही.

मित्रांनो, मी एक जुने, बसके टेबल आहे. माझे लाकूड मशीनभोवतीचे खोके होऊन चिंचवडच्या एका कंपनीत आले. साहेबराव तिथे हेल्पर होते. कामगारांना ती फळकुटे स्वस्तात मिळत. लेक मैत्री शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिच्या अभ्यासासाठी त्यांनी मला बनवले.

पण मी त्या एका खोलीत मावेना. कस्तुराने वितीने पलंगाची उंची मोजली आणि म्हणाली, "अहो, याचे पाय कापा. काम झालं की पलंगाखाली ढकलता येईल."

"चांगलं टेबल बसकं करू?"

"कापलेलं फेकू नका. जास्तीची खोली झाली की परत जोडू. मग खुर्ची आणू."

तिने पाय धरले, त्यांनी करवत चालवली. चारही तुकडे पिशवीत बांधून माळ्यावर गेले.

शेजारच्या विमलबाई दारातून हसल्या. "कस्तुरा, पोरीला मोठी मॅडम करायला निघालीस, अन् टेबल हे असं? पाट म्हणावं का काय याला!"

"मॅडम झाली की पहिली खुर्ची तुमालाच देते, मावशी."

कस्तुराचे आईवडील परभणीकडून आले होते. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. तिची शाळा लवकर सुटली. ती घरबसल्या रबराचे वॉशर कातरायची. साच्यातून निघालेल्या वॉशरच्या कडेला जास्तीचे रबर चिकटलेले असते, ते कात्रीने काढायचे. माझ्या एका अर्ध्या भागावर तिची काळी रास आणि दुसऱ्या अर्ध्यावर मैत्रीची वही असे. वहीला काळे लागू नये म्हणून कस्तुरा मध्ये खडूची रेघ मारायची. रेघ पुसली जायची, ती पुन्हा मारायची. मैत्रीची पुस्तके जाड होत गेली, तशी ती रेघ कस्तुराच्या बाजूला सरकत गेली. बारावीच्या वर्षी कस्तुराला माझ्यावर जागाच उरली नाही. ती फरशीवर पेपर पसरून बसली आणि कातरत राहिली. मी पुष्कळ भार पेलला आहे मित्रांनो, पण तिच्याइतके मजबूत मी काही पाहिले नाही.

मैत्री इंजिनिअर झाली. चाकणच्या एका कंपनीत लागली. एकदा घरी येऊन म्हणाली, "आई, तुझ्यासारखे वॉशर आता माझ्याकडे तपासायला येतात."

"मग माझा माल रिजेक्ट करू नको म्हंजे झालं."

"कड राहिली असली तर करणार."

"माझ्या हातची कड? दाखव बरं शोधून!"

साहेबराव इतके हसले, की त्यांचा चहा माझ्यावर सांडला. तो डाग अजून आहे.

मग मैत्रीने रहाटणीला फ्लॅट घेतला. साहेबरावांनी माळ्यावरची पिशवी खाली काढली. पण कस्तुरा म्हणाली, "आधी पोरीचं घर लागू द्या. आपलं काय, होईल दिवाळीला." दिवाळीआधीच ती आजारी पडली.

ती गेल्यावर दापोडीची खोली रिकामी करताना टेंपोवाला म्हणाला, "काका, हे भंगारात देऊ का?" मला वाटले, संपले. मैत्री पुढे झाली. "भाऊ, हे आधी चढवा. अन् याच्यावर काही ठेवू नका."

मागे विमलबाई रहाटणीला भेटायला आल्या. मैत्रीने त्यांच्यासाठी नवी खुर्ची पुढे ओढली. "बसा मावशी. आईनं कबूल केली होती ना?" विमलबाईंना आधी आठवेना. आठवले तेव्हा त्या बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतले.

ती खुर्ची माझ्याशेजारीच आहे. मी तिच्या गुडघ्याएवढे.

मैत्री रविवारी म्हणते, "पप्पा, मी पाय धरते, तुम्ही स्क्रू पिळा." साहेबराव म्हणतात, "पुढच्या रविवारी करू." पाय धरायला दुसरे कोणी बसलेले त्यांना अजून बघवत नाही.

मित्रांनो, आपल्या माणसाला कबूल केलेले काम दिवाळीवर ढकलू नका. माझ्या पायांचे चार तुकडे अजून पिशवीतच आहेत. ते जोडायचे राहिले आहेत.