दारातलं डांबर

आमच्या घरात कुठलीच गोष्ट पास होत नाही. पोळी एका बाजूला जाड, पडद्याची झालर तिरपी, ईराच्या वहीचं कव्हर सैल. माझे यजमान राजाभाऊ दोहात रस्त्यांच्या कामावर इन्स्पेक्टर आहेत. दुसऱ्यांनी घातलेलं डांबर नापास करण्याचा त्यांना पगार मिळतो. घरी तेच काम ते फुकट करतात. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाला 'बरं आहे'च्या वरचा शेरा मिळालेला नाही, आणि पाहुणे तर बोटं चाटत जातात.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येऊ लागला तसं गाडीतून त्यांच्याबरोबर जाणं अवघड झालं. गावभर खोदकाम. राउंडअबाउट गेले, सिग्नल आले, दोन पदरी रस्त्यांचे चार पदरी झाले. थुमामाच्या नव्या स्टेडियमकडे जाताना पुलाच्या चढावर ते काचेला बोट लावायचे. "इथे खाली माझा रस्ता होता."

"बाबा, आय कान्ट सी एनीथिंग," मागून ईरा म्हणायची. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं.

"दिसेल कसा? खणला ना."

तक्रार नसायची. नवे रस्ते जास्त चांगले होते आणि त्यातले बरेच त्यांनीच तपासलेले होते. पण पुढच्या सिग्नलपर्यंत त्यांचं बोट काचेवरून निघायचं नाही. दरवेळी वेगळं वळण, आणि दरवेळी ते बोट. एकदा ते मला म्हणाले, "शशी, नाशिकला परत गेलो आणि कोणी विचारलं, तिकडे काय बांधलंत, तर दाखवू काय?"

दाखवण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते आमच्या दारात होतं. अल हिलाल भागातल्या आमच्या कंपाउंडची, म्हणजे एकाच मालकाच्या घरांच्या जुन्या वसाहतीची, गल्ली आणि प्रत्येक घरापुढचा डांबरी ड्राइव्हवे हे राजाभाऊंचं दोहातलं पहिलं काम. तेव्हा ते नवीन पोरगेले इंजिनिअर होते. पुढे मी लहानग्या ईराला घेऊन आले आणि आम्ही घर शोधायला लागलो, तेव्हा या माणसाने मला स्वयंपाकघर दाखवायच्या आधी ड्राइव्हवे दाखवला. "उतार बघ. पाण्याचा थेंब थांबत नाही." मी वॉशिंग मशीन कुठे बसेल ते बघत होते. घर भाड्याने घेतलं.

तर स्पर्धेला वर्ष उरलं असताना आमच्या कंपाउंडचा मॅनेजर वली दारात आला. सभ्य माणूस, वाईट बातमी देताना आधी पाणी मागतो. पाणी पिऊन म्हणाला, "सर, मालिक का ऑर्डर है. मेहमान लोग आएगा, सब जगह इंटरलॉक लगेगा. ये पुराना डांबर निकालना है."

म्हणजे सगळं उखडून वर रंगीत ठोकळे बसवायचे. राजाभाऊंचा चेहरा उतरला, पण एका क्षणापुरताच. मग त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. ते वलीला हाताला धरून बाहेर घेऊन गेले, उकिडवे बसले आणि नखाने डांबर खरवडून दाखवू लागले. खालचा थर दगडासारखा आहे. उन्हाने फक्त वरची कातडी सुकली आहे, म्हणून ते पांढुरकं दिसतं आणि बारीक चिरा पडल्यात. टाचा फुटल्या म्हणून कोणी पाय कापतं का? वर सील कोटचा पातळ काळा थर द्या, अजून पंधरा वर्षं हलणार नाही.

वलीने मालकांना फोन लावला. मालक अबू सालेम, म्हातारे कतारी गृहस्थ, पलीकडच्याच मोठ्या घरात राहतात. तरुणपणी मुंबईशी व्यापार होता, त्यामुळे हिंदी बोलतात. त्यांनी निरोप दिला: आधी तुमचा एक ड्राइव्हवे करून दाखवा. मी येऊन बघतो. आवडला तर सगळी गल्ली राहील. नाहीतर खलास, उखडायचं मशीन येईल.

मशीन आलंच होतं. पिवळं धूड कोपऱ्यावर उभं करून ठेवलं होतं, राजाभाऊंना रोज ऑफिसला जाताना दिसेल असं.

दिवाळी नुकतीच उरकली होती. हवा छान, ऊन पुरेसं, कोट वाळायला याच्याइतके चांगले दिवस नाहीत. राजाभाऊंनी रजा काढली. चिरांमधलं गवत चिमट्याने उपटलं. माझ्या भुवया करायच्या चिमट्याने, हे मला नंतर कळलं. चिरा भरल्या. जिथे गाडी उभी राहते तिथे इंजिनच्या तेलाचा डाग होता. तो साबणाने इतका घासला की तिथे ताट ठेवून जेवावं. मग सगळं धुतलं, वाळवलं आणि लांब दांड्याच्या रबरी पट्टीने कोट ओढला. एक पातळ हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. "जाड एक हात देणारे सगळे आळशी," असं पट्टी ओढता ओढता मला ऐकवलं. मी फक्त चहा घेऊन उभी होते.

झालेलं काम मात्र देखणं होतं. काळंभोर, एकसारखं, कडेला सुरीने कापल्यासारखी रेघ. मी दाराशी उभी राहून बघत राहिले. मला फार अभिमान वाटला, आणि तो मी बोलून दाखवला. ते म्हणाले, "वाळू दे आधी."

अबू सालेम अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर येणार होते त्या दिवशी राजाभाऊ उजाडायच्या आतच ऑफिसला गेले आणि ऊन आल्यावर मी बाहेर आले. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना कोटाचे पापुद्रे सुटले होते. वाटीच्या तळाएवढे गोल. एक, त्याच्यापुढे हातभरावर दुसरा, मग तिसरा, पार फाटकापर्यंत. दोन्हीकडे समोरासमोर.

ते गोल मी ओळखले. त्या माझ्या पणत्या होत्या.

आमच्याकडे दिवाळीत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना पणत्या लागतात. माझ्या माहेरी पणती काठोकाठ भरायची पद्धत, अर्धी पणती म्हणजे दळभद्रीपणा. त्यामुळे वारा आला की तेल सांडतंच. आणि लावायच्या कशा, तर इतरांच्या घरी बायका लावतात तशा नाही. आमचे इन्स्पेक्टर दोरी ताणणार, टेपने अंतर मोजणार, खडूने खुणा करणार आणि मग परवानगी देणार. काही वर्षांनी खडू लागेनासा झाला. आदल्या वर्षीचा तेलाचा ठिपका असायचाच, त्यावर नेमकी पणती ठेवायची. दुसऱ्या कुठल्या घरात तेल इकडेतिकडे सांडून उडून गेलं असतं. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं त्याच जागी मुरलं होतं, आणि तेल मुरलेल्या डांबराला कोट धरत नाही. राजाभाऊंना गाडीचं तेल आठवलं, दिव्याचं नाही.

रडत बसायला वेळ नव्हता. मागच्या अंगणातून मी माझ्या कुंड्या आणल्या. कढीलिंब, मोगरा, गवती चहा, पुदिना, कोरफड. कमी पडल्या तेव्हा शेजारच्या रबियाभाभींच्या मागून आणल्या. प्रत्येक गोलावर एक कुंडी. अंतर मोजायचा प्रश्नच नव्हता. दुपारपर्यंत आमचा ड्राइव्हवे एखाद्या हॉटेलच्या दारासारखा दिसायला लागला, आणि मला यात काही गैर वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

राजाभाऊ आले ते खूश झाले. "अगं, हे छान केलंस! रांग अगदी सरळ आहे." आमच्या संसारातलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक होतं, आणि मिळालं ते अशा वेळी.

अबू सालेम आले, मागे वली. म्हातारबुवांनी काठीने डांबर ठोकून बघितलं. वलीने नळीचं पाणी सोडलं. ते थेंब थेंब होऊन उतारावरून पळत गेलं. "ज़ैन," ते म्हणाले. "बहुत अच्छा. खलास, मशीन को बोलो जाए."

माझा जीव भांड्यात पडला. मी चहा टाकायला वळले, आणि तेवढ्यात राजाभाऊंना कौतुक दाखवायची हौस आली. "अरबाब, एज देखिए," असं मालकांना म्हणत कड दाखवायला त्यांनी माझी मोगऱ्याची कुंडी उचलली.

खाली पापुद्रा होता.

ते तसेच कुंडी हातात धरून वाकलेले राहिले. अबू सालेम दुसरीकडे, फाटकाकडे बघत होते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. मशीनला जायला सांगून झालं होतं. कुंडी फक्त परत खाली ठेवायची होती. मी दारातून डोळ्यांनी जितकं ओरडता येतं तितकं ओरडले. ठेवा. अहो, ठेवा ती खाली.

राजाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग पुढच्या कुंडीकडे, मग तिच्या पुढच्या, त्या सरळ रांगेवरून नजर फाटकापर्यंत गेली आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी मोगरा बाजूला ठेवला. कढीलिंब उचलला. पुदिना, कोरफड, रबियाभाभींचं जास्वंद. एकेक करून सगळ्या कुंड्या हलवल्या, घाम पुसला आणि म्हणाले, "अरबाब, ये फेल है."

मला इतका संताप आला होता की पदराचं टोक मी दातांत धरलं. आणि त्याच वेळी, कोणाला खरं वाटो न वाटो, हा माझा नवरा आहे हे साऱ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

अबू सालेम जवळ आले. "ये क्या है? इतना सीधा लाइन में?"

"दिवाली का दिया. तेल अंदर गया है. मैंने चेक नहीं किया. मेरी गलती."

म्हातारे वाकले, एक डोळा मिटून त्यांनी गोलांच्या रांगेवरून फाटकापर्यंत नेम धरला. "लाइन कौन बनाया?"

"मैं," राजाभाऊ म्हणाले. "हर साल. दोरी लगाके."

अबू सालेम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, वलीने पाठ चोळली. मग काठी टेकून सरळ उभे राहिले. "इतना साल घर बनाया, कॉन्ट्रॅक्टर लोग ने हमेशा छुपाया. कोई आज तक खुद उठाके नहीं दिखाया." त्यांनी काठी डांबरावर आपटली. "तुम ठीक करो. मैं वापस नहीं आएगा देखने. तुम बोलो पास, तो पास. तब तक मशीन इधर रहेगा."

वलीने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात पास काय होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं गुडघ्यांवर. गोल खरवडले, वर बेसन पसरून मुरलेलं तेल ओढून घेतलं, गरम पाण्याने आणि साबणाने घासलं, तेलाच्या डागावर लावायचं खास अस्तर दिलं, मग कोट. राजाभाऊ रोज भिंग घेऊन बघायचे. एकदा कड उठलेली दिसली म्हणून निम्मे गोल परत उकरले. वलीचा रोज फोन. "सर, पास?"

"नाही."

"सर, मेरे को तो अच्छा लगता है."

"तुम को तो इंटरलॉक भी अच्छा लगता था."

मी चिडायचं सोडून दिलं होतं. मशीन तिथेच उभं होतं, आणि एका शब्दाने ते गेलं असतं, पण तो शब्द खोटा बोलला गेला असता तर गल्ली वाचूनही त्यांची राहिली नसती. हे मला तेव्हा उमगलं, बेसनात हात बरबटलेले असताना.

मग एका सकाळी मी पोळ्या करत होते. ते बाहेरून आले, हात धुतले, पानावर बसले. फोन वाजला. "सर, पास?"

"पास," राजाभाऊ म्हणाले आणि पोळीचा तुकडा मोडला. थोडं चावून झाल्यावर पोळीकडे बघून म्हणाले, "हीसुद्धा."

मी स्वयंपाकघरात परत जाऊन आणखी एक पोळी लाटायला घेतली.

मशीन गेलं. त्यानंतर सगळ्या गल्लीला कोट झाला, राजाभाऊंच्या देखरेखीखाली. पुढची दिवाळी स्पर्धेच्या तोंडावर आली. गावात झेंडे, दिवे, नुसती धांदल. पणत्या लागल्या, काठोकाठच, पण प्रत्येकीखाली स्टीलची ताटली. दोरी अर्थात ताणलीच.

त्या संध्याकाळी ईराच्या मैत्रिणी फराळाला आल्या. फाटकाशी गाडीतून उतरल्या आणि पणत्यांच्या दोन रांगांमधून चालत येऊ लागल्या. राजाभाऊ नवा झब्बा घालून पुढे झाले. मला वाटलं, 'या' म्हणतील.

त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. "हा माझा रस्ता," ते म्हणाले.

मुली थांबल्या, खाली बघू लागल्या. दुसऱ्या कुठल्या रस्त्याच्या खाली शोधायची गरज नव्हती. "हो," ईरा त्यांना म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "माझ्या बाबांनी केलाय."