घरचा नळ

"म्हणजे चोकअप आहे. एवढं घाबरवता कशाला?" आमचे हे खाटेवरून डॉक्टरीणबाईंना म्हणाले. आयुष्यभर लोकांचे नळ आणि पाइप दुरुस्त केलेला माणूस. पोटालाही तोच कायदा लावणार.

गेल्या वर्षी यांच्या स्वादुपिंडातली कॅन्सरची गाठ काढली होती. आता घोटभर पाणीही पोटात ठरत नव्हतं. बाई म्हणाल्या, दुर्बिणीतून आतड्यात जाळीची नळी बसवू, वाट मोकळी होईल. मग मला दाराबाहेर नेऊन हळूच म्हणाल्या, "गाठ परत आलीय. ती तशीच राहणार. नळी फक्त खाता यावं म्हणून."

"मग बरे होणार की नाही?"

"जेवतील. काही दिवस बरं वाटेल."

बरं वाटणार, पण बरे होणार नाहीत! माझं डोकंच चालेना. आत आले तर यांचा प्रश्न तयार, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. पथ्य सांगितलं."

नळी बसली. हे वाटीभर सूप प्यायले आणि ते पोटात राहिलं! मला आनंदाने रडू फुटलं, मग कशासाठी रडतेय तेच कळेना. पोटावर हात ठेवून हे म्हणाले, "बघ, लाइन चालू."

घरी आल्या आल्या यांनी पाना मागितला. आमच्या स्वयंपाकघरातला नळ वर्षानुवर्षं ठिबकत होता. मी बोलून बोलून थकले होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! आज यांना अचानक हे काय सुचलं? वाटलं, खरंच बरे झाले की काय. बाईच चुकल्या असतील.

हे ओट्याशी स्टुलावर टेकले आणि पाना माझ्याच हातात दिला. "आधी खालचा कॉक बंद कर."

"मी? अहो, तुमचं काम मला कशाला?"

"कर गं."

जुना वॉशर काढला, नवा बसवला. बोटं माझी, बोलणं यांचं. मधेच म्हणाले, "पाइप सडलाय आणि बदलायची सोय नाही, अशा ठिकाणी मी आतून बारीक नळी सरकवून द्यायचो. गिऱ्हाईक खूश. पण सांगायचो, चालेल तोवर चालेल."

माझा हात थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पथ्य सांगायला कुणी दाराबाहेर नेतं का, वेडे?"

मला राग आला. यांचा, बाईंचा की माझाच, कोण जाणे. सगळा त्या पान्यावर काढला. आवळत गेले, आवळत गेले. ठिबकणं थांबलं तरी आवळत होते.

"पुरे, पुरे." यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "इतका घट्ट नको. पुढच्या वेळी तुलाच उघडायचाय."