फाटकाजवळचं घर

मी कोर्टात खोटं बोलले असते तर ते घर आज माझं असतं. गावातले लोक अजून तोंडावर विचारतात, "आर्जिया, एक 'नाही' निघालं नाही होय तुझ्या तोंडातून?" विचारू देत. त्यांच्या बापाचं काय जातं?

ला तोर्रिता म्हणजे वरची हवेली. पूर्वी तो किल्ला होता. त्यातला एक बुरूज उरला आणि त्याला टेकून आमच्या मालकीणबाई सिन्योरा एर्सिलियाच्या पणज्याने उन्हाळ्यात राहायला घर बांधलं. सिन्योरा एरवी फ्लोरेन्सला असायची. जूनअखेरीला सान जोव्हान्नीचा सण झाला की तिची गाडी यायची, द्राक्षांची तोडणी आटोपली की परत जायची. फाटकाजवळचं दगडी घर आमचं. कागदावर त्यांचंच, पण माझा बाप त्यांची जमीन अर्धेलीने करायचा तेव्हापासून आम्ही तिथे. पुढे अर्धेली कायद्याने गेली आणि माणसं शहरातल्या कारखान्यांत गेली. मी आणि माझा नवरा दारियो मात्र राहिलो. बत्तीस वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून दारियो गेला. मग मी आणि माझी मुलगी निवेस.

छपराची कौलं मी बदलली, विहिरीवर पंप मी बसवला. भाडं कुणी मागितलं नाही, मी दिलं नाही. फक्त दर नाताळाला खच्ची करून पोसलेले दोन कोंबडे सोलून, कापडात गुंडाळून बसने सिन्योराकडे न्यायची. बाप न्यायचा, म्हणून मी. न्यायला कुणी सांगितलं नव्हतं आणि थांबव असंही कुणी म्हटलं नाही.

सिन्योरा वारली. मूलबाळ नव्हतं, सगळं पुतण्याला, लेआंद्रोला मिळालं. या लेआंद्रोचं नाक मी माझ्या पदराने, म्हणजे एप्रनने, पुसलेलं आहे. त्याने वर्षभरात हवेली मिलानच्या सिन्योरा रिवाला विकायची ठरवली. तिला सुट्टीतलं घर हवं होतं, आणि फाटकाजवळचं घर पाहुण्यांसाठी. मला रजिस्टर पत्र आलं, तीन महिन्यांत जागा खाली करा. नाक पुसलेल्या पोराने एकदा समोर येऊन सांगायचं तरी!

मी वकील गाठला. नार्दी त्याचं नाव, तरुण पण डोक्याने तल्लख.

"आर्जियाबाई, वीस वर्षं जो मालकासारखा घरात राहतो, घर त्याचं होतं. कायदा आहे. तुमची तर नवरा गेल्यापासूनची धरली तरी बत्तीस झाली."

"मग झालं की!"

"पण मालकासारखं. कुणी राहू दिलं म्हणून नव्हे. ते कोंबडे कशाबद्दल न्यायचात?"

"नाताळाबद्दल."

"शेजारधर्म म्हणायचं. आणि सिन्योरा कधी तोंडाने म्हणाली होती का, की तू राहा?"

मी ताठ बसले. "म्हणाली होती तर! दारियोला पुरलं त्या दिवशी. मी जिवंत असेपर्यंत मला या घरातून कुणी हलवणार नाही, असा शब्द दिला होता तिने मला."

नार्दीने पेन खाली ठेवलं. "हे आणखी कुणाला सांगितलंय?"

"सगळ्यांना. बत्तीस वर्षं सांगतेय."

"मेलो!" तो म्हणाला. मग शांतपणे समजावलं. तिने राहू दिलं असेल तर तुम्ही पाहुण्या. पाहुणा शंभर वर्षं राहिला तरी मालक होत नाही. "ती बोलली तेव्हा खोलीत कोण होतं?"

"आम्ही दोघीच."

"मग ती बोललीच नाही. गावाने जे ऐकलंय ते तुमच्या तोंडून, त्याचं मी बघतो. पण जजसमोर तुम्ही स्वतः कबूल केलंत की खेळ खलास. विचारतील तेव्हा 'नाही' म्हणायचं आणि तोंड मिटायचं."

घरी निवेसने माझी तालीम घेतली. "आई, नाही म्हण."

"नाही."

"अशी पुटपुटू नकोस. भाजीवाल्याला सांगतेस तसं म्हण."

"नाही!"

"हां. आता गप्प बस." गप्प बसायचंच मला अवघड.

फ्लोरेन्सच्या कोर्टात जज बाई होत्या. लेआंद्रोच्या वकिलाने प्रश्न आधीच लिहून दिले होते, बाई एकेक वाचत होत्या. कोंबड्यांचा प्रश्न आला. मी म्हटलं, शेजारधर्म. नार्दीने टेबलाखाली माझ्या हातावर थोपटलं. मग बाईंनी पुढचा वाचला.

"हे खरं आहे का, की पतीच्या अंत्यविधीच्या दिवशी मालकीणबाईंनी आपल्या गड्याच्या विधवेवर दया करून, हवेलीच्या दारात, तिला या घरात राहण्याची परवानगी दिली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गड्याची विधवा? दया? हवेलीच्या दारात? म्हणजे मी काळे कपडे घालून तिच्या दाराशी हात पसरायला गेले होते?

"अजिबात नाही!" मी म्हटलं, चांगलं खणखणीत. नार्दीचा चेहरा उजळला.

तिथेच थांबायचं होतं. "हवेलीच्या दारात नव्हे, बाई. माझ्या स्वयंपाकघरात. ती स्वतः पायी उतरून आली. सगळे गेल्यावर बाह्या सरसावून माझ्या मोरीत चाळीस पेले धुतले तिने, मला हात लावू दिला नाही." नार्दी माझी बाही ओढत होता. ओढू दे. "मग बसली आणि रडली. म्हणाली, आर्जिया, तू इथून हलायचं नाहीस. तू गेलीस तर मी उन्हाळ्यात कुणासाठी येऊ? दया कसली घेऊन बसलात! ती मला विनवत होती!"

जजबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे, तुम्ही राहावं असं त्या म्हणाल्या?"

त्या बाईने मला आणखी एक संधी दिली होती, हे मला तेव्हाही कळलं. नार्दी जमिनीकडे बघत होता. लेआंद्रोही.

"म्हणाल्या," मी म्हटलं.

त्यांनी कारकुनाला ते लिहायला सांगितलं.

बाहेर नार्दीने कपाळाला हात लावला. "आणि तुम्ही 'नाही' म्हणालाही होतात हो!"

"म्हणाले होते. पण पोरा, ती आलीच नव्हती असं लिहून घेतलं असतं त्यांनी. मग त्या घरात बत्तीस वर्षं मी कोण होते? चोर?" एवढं बोलून मला रडू आलं, कोर्टाच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत. त्याने मला कॉफी पाजली.

निकाल लेआंद्रोच्या बाजूने लागला. सान मार्तिनोपर्यंत मुदत मिळाली. आमच्याकडे शेतकरी घर बदलतात ते त्याच दिवशी, नोव्हेंबरच्या अकराला. जजबाईंना ते ठाऊक असावं.

ऑक्टोबरात सिन्योरा रिवा भेटायला आली. पोर वाईट नाही. अंगणात उभी राहून म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय. तुम्ही हवं तेवढे दिवस राहा ना. मी शब्द देते तुम्हाला."

"तुम्ही भल्या आहात बाई. पण कागद करून द्या."

"वकिलांना विचारते," ती म्हणाली. कागद काही आला नाही.

सान मार्तिनोला निवेस टेम्पो घेऊन आली. पलंग, कपाट, शिवणयंत्र चढवलं. घर झाडून घेतलं आणि सिन्योरा रिवाच्या हातात किल्ली दिली.

"आता पावती द्या," मी म्हटलं.

ती हसली. "एका किल्लीची? अहो, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"असू दे. लिहा," मी म्हटलं, आणि ती कागद शोधून आणेपर्यंत उंबऱ्यातून हलले नाही.