दौंडचा कोंडलेला डाव

शिरूरच्या ज्ञानदेवाचा मुलगा सम्राट कोरेगाव भीमाजवळ मोटारसायकलवरून पडून वारला, त्याला दोन वर्षं झाली. गाडी चालवत होता तो आयुष वाचला. आयुष हा दौंडच्या हनुमंताचा मुलगा, आणि हनुमंत म्हणजे ज्ञानदेवाचा बुद्धिबळातला जुना जोडीदार. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं होतं.

"दौंडला स्पर्धा हाय म्हनं. जावा की," राजश्री म्हणाली. "किती दिस भिताडाकडं बघत बसनार?"

बायकोच्या शब्दाखातर तो गेला, आणि दुसऱ्याच फेरीत समोर हनुमंत आला. केस पार पांढरे झालेले. नियमापुरता हात मिळवून दोघं बसले.

डाव लवकरच कोंडला. मधली प्यादी एकमेकांना नाक लावून अडली, उंटांना वाट उरली नाही. असले डाव ज्ञानदेवाच्या हातचे. तो कधी घाई करत नसे. घोडे मागून फिरवून नेमक्या घरी आणायचे, हत्ती एका बाजूला सरकवायचे, आणि समोरच्याची तयारी अपुरी असतानाच एक प्यादं ढकलून तिथून डाव फोडायचा. आज तर त्याला हनुमंताला पार झोपवायचं होतं. सगळी जुळणी झाली. राजाच्या बाजूचं प्यादं ढकलायला त्यानं हात उचलला.

"आयुष अजून गाडीला हात लावत न्हाई, ज्ञानू," हनुमंत पटाकडं बघतच पुटपुटला. "जेवतबी न्हाई धड."

ज्ञानदेवाला समोरचं काही दिसेना. हात भलतीकडंच गेला आणि त्यानं घोडा मागं घेतला. हनुमंतानं सवयीनं कडेचं प्यादं पुढं सारलं. होती ती एकुलती फट बुजली. आता कुणालाच कुठून शिरता येत नव्हतं. थोडा वेळ दोघं नुसते हत्ती इकडून तिकडं हलवत राहिले. शेवटी बरोबरी झाली.

हनुमंत जिन्यापर्यंत मागं आला. "मी डावापायी न्हाई बोललो रं. एकदा घरी ये. पोरगं तुला भेटायचं म्हनतंय."

तो खरं बोलतोय, हे ज्ञानदेवाला कळत होतं. येतो म्हणायला त्यानं तोंड उघडलंही. पण आयुष दार उघडेल आणि त्याच्या मागून सम्राट बाहेर येणार नाही, एवढंच डोळ्यांपुढं आलं. तो तसाच वळून एसटी स्टँडकडं चालू लागला.

घरी राजश्रीनं विचारलं, "कसं झालं? कोन व्हतं समोर?"

"व्हता दौंडचा कुनीतरी," तो म्हणाला, आणि चपला न काढताच ओट्यावर बसून राहिला.