बोटीवरचं धुणं

ब्लाउजला साबण लावून झाला आणि नळानं नुसती हवा सोडली. शिवकन्यानं तोटी डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली. दोन थेंब आले, मग तेही थांबले. बोटीतल्या त्या कपाटाएवढ्या न्हाणीत फेसानं भरलेले हात घेऊन ती तशीच उभी राहिली. गोल खिडकीच्या काचेपलीकडं नजर पोचेल तिथवर निळंशार पाणी होतं. नळ कोरडा पडल्याचा आवाज तिच्या ओळखीचा होता. तो इथं ऐकू येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

"काय झालं गं ताई?" दाराबाहेरून गहिनीनाथनं विचारलं. दूध संघाचा हा संचालक बोटीवर चढल्यापासून दिवसातून तीनदा अंघोळ करत होता. आताही टॉवेल खांद्यावर टाकूनच उभा होता.

"पाणी गेलं, भाऊ."

"गेलं म्हंजी? हितं बी लाईट जाती का काय?"

पांढऱ्या दाढीचा कप्तान खाली आला. त्यानं पायाखालची फळी उचलली, खालच्या टाकीवर बोटांनी वाजवून पाहिलं आणि ताठ झाला. सगळ्यांत इंग्रजी समजणारी शिवकन्या एकटीच, धारूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. म्हणून तो तिच्याशीच बोलला. हे पाणी आठ दिवसांचं होतं, तुम्ही ते चार दिवसांत संपवलंत. मग जरा थांबून, रागानं नव्हे, खरोखरच कुतूहलानं त्यानं विचारलं, "तुमच्याकडं पाणी फार असतं का?"

"काय म्हणतोय बाबा?" संघाचे अध्यक्ष बद्रीनाथअण्णा वरच्या बाकावरून ओरडले.

"जपून वापरा म्हणतोय," शिवकन्या म्हणाली.

बीड जिल्ह्यातली पाच माणसं जून महिन्यात एड्रियाटिक समुद्रावर शिडाच्या बोटीत काय करत होती, ते कागदावर फार नीट लिहिलेलं होतं. दौरा अभ्यासाचा होता. क्रोएशिया नावाच्या त्या देशाच्या किनाऱ्यावर शेकडो बेटं आहेत. त्यातल्या काहींवर नदी नाही, विहीर नाही. तिथले लोक डोंगराच्या उताराला दगडी फरशी करतात, पावसाचं पाणी त्यावरून टाकीत उतरवतात आणि वर्षभर पितात. ते पाहायचं, आणि पाहून आलेल्या महिला सदस्याच्या शिफारशीवर आपल्याकडं एक नमुना टाकी बांधायची, असं सरकारी योजनेत होतं. बोट कशाला, असं कुणी विचारलंच तर अण्णांचं उत्तर तयार असे : "आता बेटावर काय यष्टी जाती का?"

महिला सदस्य म्हणून नाव निघालं शिवकन्याचं. धारूरच्या घाटातल्या गव्हाणदऱ्याच्या महिला दूध संस्थेची ती सचिव. गाव सगळं खडकावर. दिवाळी सरली की विहिरींचा तळ दिसतो आणि पुढं टँकर. उतार मात्र देवानं टाकीसाठीच ठेवल्यासारखा. सगळं जुळत होतं. न जुळणारी गोष्ट एकच होती, चौदा महिन्यांची छकुली, अजून अंगावर पिणारी.

"जा," नवरा राधाकिशन म्हणाला होता. "धा दिवसांचा तर सवाल हाय. टाकी झाली तर पोरगी जन्मभर पाणी पिईल."

"मी हाय की," सासू वच्छलाबाई म्हणाली. "वाटी-चमच्यानं पाजते. न्हाई तरी कवा तरी तोडायचंच असतंय."

धोंडीराम गवंडी तर निघताना गाडीपर्यंत आला. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधलेला म्हातारा. त्यानं तिच्या वहीत स्वतःच्या हातानं चार रेघा ओढल्या. "ताई, उतार किती ठेवलाय ते बघ. फरशीचे सांधे कशानं भरलेत ते बघ. हात लावून बघ. फोटूत सांधा कळत न्हाई."

एवढ्यासाठी ती आली होती. आणि पहिल्याच दिवसापासून तिचं अंग तिच्या ताब्यात राहिलं नव्हतं. छकुलीच्या पिण्याच्या वेळा शरीराला पाठ होत्या, त्याला समुद्राचं काय? सकाळी छाती दगडासारखी व्हायची, दुपारी ब्लाउज भिजायचा. दार लावून ती भांड्यात दूध पिळायची आणि गोल खिडकीतून समुद्रात टाकायची. दुधाची फॅट काढणारी बाई. कुणाच्या म्हशीनं किती दिलं ते थेंबाथेंबानं मोजणारी. मग गरम पाण्याची घडी, मग ब्लाउज धुणं, पदर धुणं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. चार परक्या पुरुषांत आंबूस वास यायला नको, एवढीच तिची धडपड. उरलेल्या वेळात ती कलंडत्या तव्यावर त्यांच्यासाठी भाकरी थापायची. पीठ अण्णांनी गावाहूनच आणलं होतं. त्यांना तिथलं काही गोड लागत नव्हतं.

कप्तानानं नकाशा उघडला. दगडी फरशीचं बेट उद्यावर आलं होतं. पण त्या बेटावर बोटींना पाणी देत नाहीत. त्यांचंच त्यांना मोजकं. पाणी भरायचं तर मागं मोठ्या बंदराला जावं लागेल, त्यातच उरलेले दिवस जातील आणि मग बेटाला वेळ उरणार नाही.

"मग चला बंदराला," अण्णा म्हणाले.

"अण्णा, त्याच बेटासाठी तर आलोय आपण," शिवकन्या म्हणाली. "प्यायला बाटल्या आहेत. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासते मी. एक दिवस अंघोळ नाही केली तर—"

"बिनअंघुळीचं ऱ्हायचं तर घर काय वाईट हुतं?" गहिनीनाथ म्हणाला आणि सगळे हसले. तिलाही त्यांचा राग येईना. गेली चार वर्षं हाच गहिनीनाथ आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाण्यानं अंग पुसत होता. पहिल्या दिवशी फवाऱ्याखालून बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. साबण गेला म्हणाला.

"एक दिवस, अण्णा. गावाला काय सांगू मी?"

आता अण्णा हसायचे थांबले. "बाई, पानी संपलं कावून? आमी अंघुळी केल्या, मान्य हाय. पन सकाळ-संध्याकाळ धुनं कुनाचं चालतंय हितं? आमी तर कापडं पिशवीत कोंबून ठिवलीत, घरी जाऊन धुऊ म्हनून."

चौघेही तिच्याकडं पाहत होते. सांगायचं ते दोनच शब्दांत सांगता आलं असतं. ते दोन शब्द चार पुरुषांसमोर तोंडातून निघाले नाहीत. तिनं आत जाऊन साबणाचा ब्लाउज तसाच पिळला.

बोट वळली तेव्हा कप्तानानं न बोलता स्वतःची दुर्बीण तिच्या हातात दिली. लांबवर बेट दिसत होतं. त्याच्या अंगावर एक पांढरा चौकोन, खळं तिरकं करून ठेवावं तसा. तिनं श्वास रोखून पाहिलं. पण बोट हलत होती, चौकोन हलत होता, आणि सांधे कशानं भरलेत ते कळायचा काही मार्गच नव्हता.

बंदरावर फोन लागला. "पोरगी वाटीनं पिती आता," वच्छलाबाई म्हणाली. "रडत बी न्हाई. तू काळजी करू नगं." शिवकन्या "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून बराच वेळ त्या बंदराच्या धक्क्यावर, आइस्क्रीम खात हिंडणाऱ्या माणसांच्या गर्दीत उभी राहिली.

घरी आली तेव्हा छकुलीनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि आजीच्या मानेत तोंड घातलं. तीन दिवसांनी जवळ आली. पण प्यायला नाही. तोवर छातीही हलकी झाली होती.

अहवाल लिहायचा राहिला होता. अण्णांनी रंगीत माहितीपुस्तक टेबलावर टाकलं. "ह्याच्यावरून लिव्ह. सही तुझीच लागती, बाई सदस्याची."

"पण आपण तिथं गेलोच नाही, अण्णा."

"तुला टाकी पायजे का न्हाई?"

तिनं लिहिला. एवढा चांगला लिहिला की वाचणाऱ्याच्या पायाला ती फरशी लागावी. उतार किती, सांधे कसे, पहिल्या पावसाचं पाणी वाहून कसं जाऊ द्यायचं. धोंडीरामाच्या रेघाही त्यात वापरल्या. 'प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्याची सही' या ओळीवर तिचा हात थांबला, पण फार वेळ नाही. खिडकीतून टँकरपुढची रांग दिसत होती.

तो पावसाळा कोरडाच गेला. सप्टेंबरात माजलगावला मोंढ्यातल्या सभागृहात संघाची वार्षिक सभा भरली. गव्हाणदऱ्याहून एक जीप भरून माणसं आली होती. धोंडीराम धुतलेला फेटा बांधून पहिल्या रांगेत. सातवा ठराव टाकीचा होता. जिल्ह्याहून आलेले साहेब मंचावर फाईल घेऊन बसले होते.

त्याआधी अण्णा दौऱ्याविषयी बोलायला उठले. बोलायला लागले की ऐकत राहावं असा माणूस. लाटा सांगितल्या, मासे सांगितले, शाकाहाराचे हाल सांगितले. सभा रंगली.

"आन पानी!" अण्णा म्हणाले. "समिंदरात बसून आमी पान्यावाचून! कावून? तर आमची ही सचिवबाई. सकाळी धुनं, सांच्याला धुनं. बोटीची टाकी रिकामी केली बाईनं. तो गोरा कप्तान हात जोडून म्हनला, मावशी, समिंदर बी धुऊन काढता का आता?"

सभागृह फुटलं. हजारभर माणसं हसली. गव्हाणदऱ्याच्या रांगेतल्या बायाही पदर तोंडाला लावून हसत होत्या, कारण विनोद खरंच चांगला झाला होता. शिवकन्याच्या डोळ्यांपुढं गोल खिडकी आली, भांडं तिरकं करणारा स्वतःचा हात आला.

साहेबांनाही हसू आवरत नव्हतं. हसतहसतच त्यांनी सातवा ठराव काढला. "अहवाल उत्तम आहे. ताई, तुम्ही उभ्या राहा जरा. ही पाहणी तुम्ही प्रत्यक्ष केली ना? नोंदीला तेवढं लागतं."

ती उभी राहिली. हसणं अजून पुरतं विझलं नव्हतं. अण्णा पाणी पीत होते, सभेच्या टेबलावरच्या बाटलीतून. दुर्बिणीतून पाहिलं होतं की. हो म्हणायला तेवढं पुरेसं होतं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही त्या बेटावर गेलोच नाही."

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

"सही तुमची आहे," साहेब म्हणाले.

"सही माझी आहे. बेट कुणीच पाहिलं नाही."

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी छताकडं. मग फाईल मिटली. "मग आता मला यावर पुढं जाता येणार नाही. ताई, तुम्हाला लेखी खुलासा द्यावा लागेल." अण्णा सावकाश पुढं आले आणि माइकवर म्हणाले, "बाईमानूस हाय, घाबरली. ठराव आठवा." आठवा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

परतीला सगळे त्याच जीपमध्ये बसले. घाट लागला तेव्हा धोंडीरामानं फेटा सोडून मांडीवर घेतला.

"नुसतं व्हय म्हनायचं हुतं, ताई."

"खोटं होतं ते, काका."

"लिवताना न्हवतं का खोटं?" म्हातारा तिच्याकडं पाहत नव्हता. "तवा लिवलंस. गावासाठी लिवलंस, आमी नावाजलं तुला. मंग आज काय झालं?"

तिच्यापाशी उत्तर होतं, पण ते तिचं तिलाच आवडलं नाही. खरं बोलायला ती उभी राहिलीच नव्हती. हसणं थांबवायला राहिली होती. एक हसणं गिळलं असतं तर पुढच्या पावसाला टाकी भरली असती. तिच्या आयुष्यात याहून मोठी हसणी तिनं मुकाट्यानं गिळली होती.

"मला पाणी कशाला लागत होतं ते तुम्हाला..." ती म्हणाली आणि थांबली. जीपमध्ये सात पुरुष होते.

"आमाला पानी कशाला लागतंय ते तर ठावं हाय ना?" मागून कुणीतरी म्हणालं.

गावात शिरताना तिला उतार दिसला. सभा संपायची वाट न पाहता मागं राहिलेल्यांनी टाकीची आखणी करून ठेवली होती. खडकावर चुन्याच्या फक्कीचा मोठा चौकोन, चारी कोपऱ्यांवर दगड, दगडांना हळदकुंकू. वच्छलाबाई आणि आणखी दोघीतिघी काठाला बसून होत्या. जीप पाहताच त्या उठल्या. चेहरे आधीच हसरे.

जीपमधून उतरणाऱ्यांपैकी कुणीच त्यांच्याशी बोललं नाही. सांगायचं काम त्यांनी तिच्यासाठीच ठेवलं.

पण शिवकन्या त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. छकुली चौकोनाच्या एका रेघेवर फतकल मारून बसली होती. दोन्ही मुठी फक्कीनं भरलेल्या, आणि एक मूठ तोंडाकडं निघालेली. शिवकन्या धावली. मनगट धरलं, मूठ उघडली. चुना कातडी खातो. धुवायला हवा होता, पण टँकर दोन दिवस आला नव्हता आणि ओला करून अर्धवट ठेवणं त्याहून वाईट. ती तिथंच रेघेवर बसली. पदराचं कोरडं टोक घेऊन तिनं लेकीचं एकेक बोट पुसायला घेतलं, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा.

"काय म्हनले गं सायब?" वच्छलाबाईनं वरून विचारलं.

"सांगते," शिवकन्या म्हणाली. "एवढा हात राहिलाय."