गाईच्या घशातला हात

आमच्या ह्यांना सगळा गाव ‘चिमटा’ म्हणतो. कोणाच्या गाईच्या घशात काही अडकलं की बोलावणं यायचं, आणि हे भरल्या ताटावरून उठून पळायचे. कोपरापर्यंत हात आत घालून बटाटा, चिंधी, एकदा तर चपलेचा पट्टा काढला होता. घरातला नळ मात्र कधीचा गळतोय, तिथे हे हात चालत नाहीत.

काल आमचीच गाय लाळ गाळायला लागली. आवाज घोगरा, घास गिळता येईना. ह्यांनी बाह्या सरसावल्या. आत काहीच सापडलं नाही, वर दातांनी हात खरचटला. आज सकाळी गाय मेली.

गुरांच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि विचारलं, “कुत्रं चावलं होतं का हिला?”

कुत्र्यांचं काय विचारता! पूर्वी मेलेलं जनावर टेकडीमागे टाकलं की गिधाडं दुपारपर्यंत हाडं मोकळी करायची. आम्ही गुरांना दुखण्यावरची इंजेक्शनं टोचत राहिलो, ते मांस खाऊन गिधाडं संपली, हे ह्याच डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं. त्यात डेअरी आल्यापासून दारोदारी गाई, म्हणजे मरणाऱ्याही जास्त. खड्डा खणायचा कोणी? तरणी माणसं सगळी शहरात. मग कुत्र्यांची चंगळ. नुसती माजली आहेत.

“हिच्या घशात काही अडकलं नव्हतं, ताई,” डॉक्टर म्हणाले. “पिसाळलेल्या गाईला गिळताच येत नाही. तो रोग लाळेतून माणसाला होतो. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठा.”

मी लगेच चपला पायात घातल्या.

“अगं, चावली कुठे? नुसतं खरचटलंय,” हे म्हणाले. मी काही ऐकून घेतलं नाही, दंडाला धरून नेलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला. “कालचीच जखम ना? मग वेळेत आलात. लक्षणं सुरू झाली की कोणी वाचत नाही. त्याआधी सुया घेतल्या की भीती नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. लगेच तोंड सुटलं. “आता तरी गावभरच्या गाईंच्या घशात हात घालणं बंद करा!”

सुई भरता भरता बाई थांबल्या. “आणखी कोणाची गाय?”

“शेजारची,” हे म्हणाले. “झाले दोनेक महिने. तीही अशीच लाळ गाळत होती. काही सापडलं नाही. मेली बिचारी.”

“तेव्हा खरचटलं होतं?”

“थोडंसं. इथे, मनगटाला.”

“तिथे आता काही होतंय? खाज, मुंग्या?”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नाही म्हणा. अहो, नाही म्हणा.

हे ओशाळं हसले. “येतात की मुंग्या. चार दिवस झाले. हिला बोललो नाही, उगाच ओरडत बसते.”

बाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि मला खाली बसायला सांगितलं.